हजेरीपटावरचा पत्ता

(शिक्षक-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरातील प्रगणक एका आगळ्या कामासाठी रस्त्यावर उतरले होते. जनगणनेची रीत अशी की, आधी घरांची यादी होते आणि मग त्या घरांतील माणसे मोजली जातात. ज्यांना घरच नाही, त्यांची गणती कशी करायची? त्यांच्यासाठी ही एक रात्र राखून ठेवली होती. पुलाखाली, पदपथावर, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या ओवरीत, रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत जो जिथे झोपलेला सापडेल, तिथे त्याची नोंद करायची. त्या नोंदीनुसार भारतात १७ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे बेघर होती. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या पुढे, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल देशात दुसरा.

हे प्रगणक होते कोण? त्यांत मोठा भरणा शाळांतील शिक्षकांचा होता. ज्या माणसांचे समाजाच्या कोणत्याही वहीत नाव नाही, त्यांच्याजवळ मध्यरात्री जाऊन त्यांचे नाव विचारण्याचे काम शिक्षकाने केले. ही घटना योगायोगाची वाटेल. परंतु तिच्यात या विषयाचे सारे मर्म सामावले आहे. बेघर माणसाला छप्पर नसते, हे सर्वांना दिसते. त्याला पत्ताही नसतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. छप्पर उभारणे हे शासनाचे आणि मोठ्या संस्थांचे काम असेल. पण पत्ता देणे हे काम गावोगावची कोणतीही शाळा करू शकते.

पत्ता नसणे म्हणजे काय?

शिधापत्रिकेला पत्ता लागतो. बँकेच्या खात्याला लागतो. गॅसच्या जोडणीला, रुग्णालयातील सवलतीला, घरकुलाच्या अर्जाला लागतो. स्थिर संसार असलेल्या कुटुंबात ही कागदपत्रे कपाटातील एका पिशवीत असतात आणि त्यांचे मोल कोणाला जाणवत नाही. पुलाखालच्या कुटुंबाचे कपाट म्हणजे एक गाठोडे. पहिल्या पावसात ते भिजते, अतिक्रमण हटवणाऱ्या गाडीतून ते निघून जाते, आणि त्याच्याबरोबर त्या कुटुंबाची ओळखही जाते.

ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या मागे जाते. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जमातीच्या माणसाचे घराणे ६ सप्टेंबर १९५० रोजी कोठे राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. नेमेचि स्थलांतर करणाऱ्या घराण्याने सत्तर वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणावा कोठून? या कामी सर्वाधिक मान्यता असलेला कागद म्हणजे वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर नोंद नाही. नोंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणून नातूही शाळेबाहेर. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एक ओळ न लिहिली गेल्याने तीन पिढ्या रस्त्यावर राहू शकतात.

यात त्या माणसांचा दोष किती आणि समाजाचा किती, याचाही विचार झाला पाहिजे. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. देशभरात हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला गेला. गावाच्या मनातून मात्र तो पुसला गेला नाही. चोरी कोठेही झाली की संशय आधी पालावर. गावकुसाबाहेर पाल ठोकू न देणारी गावे होती म्हणून ही कुटुंबे शहराच्या चौकात येऊन थांबली.

पदपथावरच का राहायचे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. पदपथ अडवून राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. परंतु उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, असे स्पष्टपणे सांगितले. ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून तेथे राहतात, ही वस्तुस्थितीही त्या खटल्यातून देशापुढे आली. पहाटे फुलबाजारात पोहोचणे, रात्री उशिरापर्यंत हमाली करणे, सिग्नलवर गजरे विकणे ही कामे दूर उपनगरात राहून होत नाहीत.

दिल्लीच्या थंडीत बेघरांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यानंतर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला, चोवीस तास उघडा निवारा असावा, असे सूत्र ठरले. हे आवश्यकच होते. तरीही निवाऱ्यात पुरुष एका दालनात आणि स्त्रिया दुसऱ्या दालनात, अशी सोय असली की संसार दुभंगतो. लेकराबाळांसह राहणारे कुटुंब मग निवाऱ्यापेक्षा पुलाखालची एकत्र जागा पसंत करते. त्या लेकरांपर्यंत कोण पोहोचणार? इथे शाळेचे काम सुरू होते.

परंपरेचा धागा

विद्या आणि निवारा यांची जोडी महाराष्ट्राला नवीन नाही. संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत आणि बेघरांना आसरा ही दोन सूत्रे एकापाठोपाठ येतात. बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र त्यांच्या सावलीला राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्याच्या मुक्कामासाठी उभी राहिलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी द्यावी, हा निर्णय अक्षरओळख नसलेल्या एका संताचा होता.

जुन्या पुण्यात परगावची गरीब मुले माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळून एका विद्यार्थ्याचे आई-बाप होत. या प्रथेने अनेक कर्ते पुरुष घडवले, हे खरे. तिचे दार बहुधा ठराविक जातींच्याच मुलांना उघडे होते, हेही तितकेच खरे. ती मर्यादा ओलांडली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. समरसता हा शब्द आज व्यासपीठावरून वारंवार उच्चारला जातो. त्या माउलीने तो स्वयंपाकघरात आचरून दाखवला.

संकटकाळातही शाळाच प्रथम घर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतकार्यासाठी गेले आणि हराळी येथे निवासी शाळा उभी करून तेथेच रुजले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर सांगली-कोल्हापुरात शिरला, तेव्हा पूरग्रस्तांची अंथरुणे वर्गखोल्यांतच पडली.

२०२० च्या टाळेबंदीत वाटेत अडकलेल्या मजुरांनाही देशभर शाळांनीच आश्रय दिला. राजस्थानात सीकर जिल्ह्यातील पलसाना गावच्या शाळेत विलगीकरणात ठेवलेल्या मजुरांनी गावाकडे एकच मागणी केली. फुकट बसून खाणे बरे वाटत नाही, रंग आणून द्या. गावाने साहित्य दिले आणि कित्येक वर्षे रंग न लागलेली ती शाळा मजुरांनी रंगवून दिली. बेघर माणूस म्हणजे पसरलेला हात, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी पलसान्याच्या भिंती आठवाव्यात. मदतीइतकीच त्याला मान हवी असते, आणि काही परत देण्याची संधीही हवी असते.

शाळा पुलाखाली जाते

संकट ओसरते आणि पूरग्रस्त घरी परततात. ज्यांचे संकट रोजचेच आहे, त्यांचे काय? ठाण्याच्या तीन हात नाका उड्डाणपुलाखाली मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली पारधी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत होती. मुले सिग्नलला गाड्या थांबल्या की गजरे आणि खेळणी विकत. त्यांना जवळच्या शाळेत घालण्याचे प्रयत्न टिकत नसत. तेव्हा समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने जून २०१६ मध्ये शाळाच पुलाखाली नेली. मालवाहू कंटेनरच्या वर्गखोल्या झाल्या. सिग्नल शाळा या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

या शाळेचा दिवस धड्याने सुरू होत नाही. मुलांनी आधी आंघोळ करायची, गणवेश घालायचा, न्याहारी करायची, आणि मग फळ्याकडे वळायचे. घर ज्या गोष्टी सकाळी मुकाट्याने करते, त्या इथे शाळेने अंगावर घेतल्या. रहदारीच्या गोंगाटात वाढलेल्या मुलाला एका जागी बसण्याचीही सवय लावावी लागते. जेवणाची सोय शाळेत, अभ्यासाची सोय शाळेत, कारण पुलाखाली ना दिवा ना पाट. दोन वर्षांत, २०१८ साली, या शाळेतील दोन मुले दहावी उत्तीर्ण झाली.

दोन हा आकडा लहान वाटेल. पण ज्या घराण्यात आजवर कोणाचेच नाव शाळेच्या वहीत नव्हते, तिथे दहावीचे प्रमाणपत्र ही त्या मुलाच्या भावी नातवांचीही मिळकत आहे. पुढे कोणी वास्तव्याचा पुरावा मागितला, तर दाखवायला एक कागद असेल.

प्रत्येक शाळेला काय करता येईल?

प्रत्येक शाळेने पुलाखाली वर्ग भरवावा, अशी अपेक्षा नाही. शहरातील बहुतेक शाळांपासून जवळच कोठेतरी एखादे बेघर कुटुंब राहत असते. शाळेने तेवढ्यांचेच व्हावे.

पहिले काम प्रवेशाचे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत संपली, हेही कारण चालत नाही. मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यायचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, असे कायदाच सांगतो. परंतु पुलाखालची आई शाळेच्या फाटकातून आत येण्यास धजत नाही. पहारेकरी तिला बाहेरच थांबवतो. म्हणून शिक्षकाने तिच्याकडे गेले पाहिजे. रजिस्टर भरताना जन्मस्थळाच्या रकान्यापाशी लेखणी अडखळेल, कारण काही मुले रस्त्याकडेलाच जन्मलेली असतात. तेथे अंदाजे काही लिहून रकाना भरू नये. आईशी शांतपणे बोलून गाव, तालुका आणि जिल्हा नीट लिहावा. आज केलेली चूक त्या मुलाला वीस वर्षांनी कचेरीच्या दारात अडवील.

दुसरे काम आई-वडिलांच्या ओळखीचे. अनेक शिक्षक निवडणूक आयोगाचे केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम करतात. पत्त्याचा कागद नसलेल्या बेघर नागरिकालाही मतदार यादीत स्थान आहे. त्याने सांगितलेल्या जागी अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तेथे झोपतो की नाही, हे पाहायचे, अशी आयोगाची पद्धत आहे. हे काम कोणी शिक्षक मनापासून करील, तर त्या माणसाच्या हाती नागरिकत्वाची पहिली खूण येईल. माजी विद्यार्थ्यांत वकील असतात, डॉक्टर असतात, बँकेत आणि तहसील कचेरीत काम करणारे असतात. त्यांच्याकडे देणगी मागण्याबरोबरच महिन्यातून एक सायंकाळ मागावी. अर्ज भरून देणे आणि कचेरीत सोबत जाणे, ही त्या कुटुंबाला लाखमोलाची मदत ठरते.

तिसरे काम अगदी साधे. शाळेत नळ असतो, शौचालय असते, मधल्या सुट्टीनंतर आणि सायंकाळी रिकामे असलेले वर्ग असतात. शहरात बेघर स्त्रीची सर्वांत मोठी अडचण भुकेची नसून आडोशाची असते. शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास मुलांना आंघोळीची सोय आणि शाळा सुटल्यावर दोन तास दिव्याखाली बसण्याची सोय, एवढे दिले तरी मूल टिकते. शाळेतील मोठ्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी या वेळात एकेका मुलाचा अभ्यास घ्यावा.

थंडीच्या दिवसांत घोंगड्या वाटायच्या, दिवाळीत फराळ द्यायचा, छायाचित्र काढायचे आणि शाळेच्या फलकावर लावायचे, असे उपक्रम पुष्कळ होतात. त्यांतील भावना खोटी नसते. पण ज्याचे छायाचित्र निघाले, त्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत वर्गमित्र म्हणून बसायचे असेल तर? घेणाऱ्याचा चेहरा कोणत्याही फलकावर येऊ नये, हा नियम प्रत्येक शाळेने करावा. पन्नास घोंगड्या एकदा वाटण्यापेक्षा एका मुलाला दहा वर्षे धरून ठेवणे अवघड आहे, आणि म्हणूनच ते शाळेचे काम आहे.

पालकांच्या मनातील प्रश्न

या मार्गात खरी कसोटी लागते ती सुस्थितीतील पालकांची. रस्त्यावरची मुले वर्गात आली तर आजार पसरतील, शिवीगाळ शिकवली जाईल, वस्तू हरवतील, असे त्यांच्या मनात येते. ते उघडपणे बोलले जात नाही. मुलाची बाकावरची जागा बदलून मागितली जाते. या शंकांना हिणवून चालणार नाही, त्यांना उत्तर दिले पाहिजे. आजाराचे उत्तर पाणी, साबण आणि डॉक्टर. भाषेचे उत्तर सहवास, कारण मूल जे ऐकते तेच बोलते. आणि वस्तू हरवण्याचा संशय आधी कोणावर घ्यायचा, हे ठरवताना १८७१ चा तो कायदा अजून मनात जिवंत आहे का, हे ज्याने त्याने तपासावे.

शिक्षकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. ही मुले अचानक नाहीशी होतात. गावची जत्रा, नातलगाचे आजारपण, पोलिसांची कारवाई, काहीही निमित्त पुरते. महिनाभराने मूल परत येते तेव्हा पाढे विसरलेले असते. शिवाय मुलाने सिग्नलवर कमावलेले पैसे ही त्या घराची संध्याकाळची चूल असते. मूल शाळेत आले की ती मिळकत बुडते. केवळ शिक्षणाचे महत्त्व सांगून ही तूट भरून निघत नाही. एखाद्या पालकाने त्या मुलाच्या आईला नियमित काम मिळवून दिले, तर मात्र भरून निघते. म्हणून हे एकट्या शिक्षकाचे काम नाही. पालक, माजी विद्यार्थी आणि व्यवस्थापन यांनी मिळून उचलायचा हा भार आहे. मूल चौथ्यांदा परत आले तरी त्याचे नाव हजेरीपटावर तसेच असले पाहिजे. नाव कमी करणे सोपे असते. ते तसे न करण्यातच शाळेचे मोठेपण आहे.

यातून सुस्थितीतील मुलांना काय मिळेल, असाही प्रश्न येईल. मूल्यशिक्षणाच्या तासाला करुणा हा शब्द फळ्यावर लिहिता येतो. शेजारच्या बाकावरील मित्र पावसाच्या रात्री कोठे झोपला असेल, या विचाराने ज्या मुलाची झोप मोडली, त्याला तो शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. असा मुलगा पुढे अभियंता झाला तर पूल बांधताना त्याखाली राहणाऱ्यांचाही विचार करील. अधिकारी झाला तर पत्त्याचा रकाना कोरा पाहून अर्ज परत करणार नाही.

पुढल्या जनगणनेतही एक रात्र बेघरांसाठी राखलेली असेल. शिक्षक पुन्हा पुलाखाली जातील. त्या वेळी तेथील मुलाने अनोळखी माणसासमोर बुजून तोंड लपवावे, की आपल्याच गुरुजींना पाहून उठून उभे राहावे, हे तोवर त्या परिसरातील शाळेने काय केले, यावर अवलंबून राहील.